जे दिसलं ते लिही

अ‍ॅपमधल्या दोषाबद्दलचा तुझा बग रिपोर्ट ‘रिप्रोड्यूस होत नाही’ (म्हणजे आमच्याकडे तसं घडत नाही) असा शेरा मारून बंद झाला आणि आता काय लिहायचं तेच कळेनासं झालंय, असं तू लिहिलंस. रिपोर्ट मी वाचला. ‘सर्च चालत नाही. बहुतेक इंडेक्स खराब झालंय.’ दुसरं वाक्य, म्हणजे सर्च ज्यात शोधतो ती शब्दसूची बिघडल्याचं, हा तुझा अंदाज आणि पहिल्यात काहीच नाही. काय टाइप केलंस? एरर आली, पान कोरं राहिलं की चुकीचे निकाल आले? जे दिसलं ते लिही.

तुझ्या पत्रात मात्र सगळं आहे! ‘वाऱ्याने’ टाइप केलं तर शून्य निकाल, तोच शब्द नोंदीतून कॉपी करून टाकला तर नोंद सापडते. अरे, हेच तर रिपोर्टात हवं होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरांना जे कोड देतो त्या पद्धतीत, ‘ऱ’ दोन तऱ्हांनी साठवता येतो: ०९३१ हा एकच कोड, किंवा र (०९३०) आणि त्यापुढे नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब (०९३सी). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण प्रोग्रामने ते आधी एकरूप केले नाहीत तर तुलनेत जुळत नाहीत. तुझ्या बगचं मूळ इथेच असेल असं मला वाटतं. पण हाही अंदाजच, म्हणून तो रिपोर्टच्या शेवटी, ‘अंदाज’ असं स्पष्ट लिहून. इंडेक्सचा अंदाज वर लिहिलास की डेव्हलपर इंडेक्स तपासतो, ते ठीक निघतं आणि रिपोर्ट बंद होतो.

स्क्रीनशॉट जोड, पण त्यावर भागवू नकोस. चित्रातून अक्षरांचे कोड कळत नाहीत. दोन्ही शब्द एका टेक्स्ट फाइलमध्ये सेव्ह करून ती जोड. एररचाही मजकूरच दे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. खरं कारण बरेचदा मधल्या ओळीत असतं. पासवर्ड, टोकन (पासवर्डसारखीच गुप्त किल्ली) झाकायचे, आणि झाकलेत हे सांगायचं.

‘लेटेस्ट व्हर्जन’ म्हणजे काहीच नाही. उद्या लेटेस्ट वेगळं असेल. पूर्ण आकडा कॉपी कर, ऑपरेटिंग सिस्टिमचाही. ‘कधीकधी होतं’ असंही नको. दहा वेळा करून बघ आणि किती वेळा झालं ते लिही. स्टेप्स अ‍ॅप उघडण्यापासून, आणि त्याखाली दोन ओळी: काय व्हायला हवं होतं, काय झालं.

मोठ्या फाइलवरच बग येत असेल तर अर्धी फाइल काढून टाक. बग राहिला तर उरलेल्याची पुन्हा अर्धी कर, गेला तर दुसरी अर्धी घे. हजार ओळींतून दोषी ओळ सुमारे दहा फेऱ्यांत सापडते. दोन्ही अर्ध्यांत बग नाहीसा झाला तर घाबरू नकोस: बहुधा दोन किंवा जास्त ओळी मिळून तो घडतोय, मग लहान लहान तुकडे काढत जा. हे काम कंटाळवाणं आहे, मान्य. तरी तूच कर, कारण तो बग घडणारं मशीन तुझ्यासमोर आहे, डेव्हलपरसमोर नाही. मला यावरून हट्टी म्हणतात, म्हणोत. जे दिसलं ते लिही, एवढंच मी मागतोय.

एका रिपोर्टात एकच बग. सुरक्षेची फट सापडली तर ती जाहीर लिहायची नाही, प्रोजेक्टने दिलेल्या खाजगी मार्गानेच कळवायची.

आता नवा रिपोर्ट उघडू नकोस. त्याच जुन्या रिपोर्टखाली स्टेप्स, व्हर्जन आणि ती टेक्स्ट फाइल टाक, आणि तो पुन्हा उघडायची विनंती कर.