आई वस्ती सोडायला तयार नाही

"आई ८४ वर्षांची आहे. चांदवडकडे शेतातल्या वस्तीवर एकटी राहते. पुण्याला चल म्हटलं की ऐकत नाही. रात्री-बेरात्री पडली तर?" ही काळजी घेऊन मुलं-मुली माझ्याकडे नेहमी येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) या मुलाचं मागणं एकच होतं, आईला समजवा.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आजी पुण्यात होत्या, तेव्हा त्यांना भेटले. लग्न होऊन आल्या तेव्हा तिथं नुसतं माळरान होतं. १९७२च्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, तिथं मिळणारी सुकडी मुलांसाठी पदरात बांधून आणली. पुढं विहीर खोदली, कांदा लावला. १९८६ला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडलाच भरलं, त्याला त्या सासूला न सांगता गेल्या. नंतर संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या, म्हणजे जमीन बायकोच्या नावावर करायच्या, मोहिमेत मालकांनी दोन एकर त्यांच्या नावावर केली. "सातबाऱ्यावर माझं नाव लागलं, तवा ह्यांनीच पेढे वाटले," हे सांगताना आजी खुलल्या.

मी सहज विचारलं, साठवणीच्या चाळीत कांदा किती? किती क्विंटल भरला, किती सडला, लासलगावला काय भाव लागला, सगळं धडाधड सांगितलं. मला तेच बघायचं होतं. पैशाचे हिशेब चुकायला लागले, रोजच्या वाटेवर माणूस भांबावलं, तेच तेच विचारू लागलं, तर हट्ट म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावं. अचानक गोंधळ उडाला तर त्याच दिवशी. इथं तसं काही नव्हतं. होतं ते वेगळंच: पुण्यात आल्यापासून जेवण कमी झालेलं, झोप उडालेली. "हितं मला कुणी काय इचारतच नाही, निस्ती गोळी घेतली का म्हणत्यात."

मुलाला मी सांगितलं, आईला इथं आणलंत तरी पडण्याची भीती संपणार नाही. घरातल्या बाथरूममध्येही माणसं पडतात. तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "भाऊबंद नावं ठेवतात हो." खरी सल ही असते, आणि ती बोलून दाखवायला फार वेळ लागतो.

सुनेचं डोकं मात्र व्यवहारी होतं. संडास घराला लागून बांधायचा, भिंतीला धरायला दांडा, रात्रभर दिवा. शेतात राबणारं जोडपं वस्तीवरच राहायला आणायचं. पाण्याचा हंडा आजींनी उचलायचा नाही. कांदा कधी विकायचा हे मात्र त्याच ठरवणार, आणि मुलानं रोजच्या फोनवर आधी तेच विचारायचं, गोळीचं नंतर.

आजींनी हंड्याचं कबूल केलं. उन्हाळ कांदा चाळीत गेला की महिनाभर पुण्याला यायचंही. काठी घ्यायला अजून तयार नाहीत. त्यावर मायलेकांचं रोज वाजतं.