निवृत्तीच्या खात्यात सोन्याची नाणी ठेवावीत का?

प्रश्न : ताई, नमस्कार. वय ५२, राहणार एडिसन, न्यू जर्सी. जुन्या नोकरीतल्या ४०१(के) या निवृत्ती खात्यामध्ये १,२०,००० डॉलर पडून आहेत. ‘गोल्ड आयआरए’ (आयआरए म्हणजे स्वतःच्या नावाचं निवृत्ती खातं, त्यात सोनं) विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस सारखा फोन करतो. म्हणतो, सगळी रक्कम सोन्यात वळवा, नाणी घरच्या तिजोरीतसुद्धा ठेवता येतील. बायको म्हणते, सोनं कधी बुडत नाही. तिच्या पाटल्याही त्या खात्यात घालता येतील का? यातलं आम्हाला काहीच कळत नाही.
– एक वाचक

उत्तर : वहिनींना सांगा, पाटल्या घरातच राहू देत. आयआरएमध्ये दरवर्षीची भर पैशातच घालावी लागते, आणि दागिने तर तिथे चालतच नाहीत. १९९७च्या कायद्याने ज्या सोन्याला मुभा दिली ते किमान ९९.५ टक्के शुद्ध लागतं. आपलं २२ कॅरट ९१.६ भरतं. अमेरिकन ईगल हे नाणंही २२ कॅरटचंच, पण त्याला कायद्यानेच सूट दिली आहे. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगरँड तेवढंच शुद्ध असून चालत नाही.

आता तिजोरी. हे बोलणाऱ्या माणसाशी व्यवहारच करू नका, असं मी स्पष्ट सांगते. खात्यातलं सोनं बँकेच्या किंवा आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, मान्यता दिलेल्या कस्टोडियनच्या (खातं सांभाळणाऱ्या संस्थेच्या) ताब्यात असावं लागतं. एका बाईंनी आयआरएच्या नावे एलएलसी (एक प्रकारची कंपनी) काढून ईगल नाणी घरी ठेवली होती. २०२१मध्ये टॅक्स कोर्टाने ठरवलं की ती नाणी खात्यातून काढून घेतल्यासारखीच आहेत. तुमच्या बाबतीत तसं झालं तर पूर्ण किमतीवर आयकर, शिवाय साडेएकोणसाठच्या आत आहात म्हणून १० टक्के दंड.

म्हणजे सोनं तुमचं, पण ते दूरच्या व्हॉल्टमध्ये. त्यासाठी खातं उघडण्याचा खर्च, कस्टोडियनची वार्षिक फी, साठवणुकीचं भाडं आणि खरेदी-विक्रीच्या भावातला फरक, हे सगळं तुमच्या खिशातून. समजा वर्षाला २५० डॉलर गेले आणि सोनं १२,००० डॉलरचंच असलं, तर दोन टक्क्यांहून जास्त तिथेच संपले. सोनं स्वतः ना व्याज देतं ना लाभांश.

मला खरी काळजी फोनवाल्यांची वाटते. साध्या नाण्याऐवजी ते ‘प्रूफ’ (संग्राहकांसाठी घडवलेली चकचकीत) किंवा ‘खास’ नाणी गळ्यात मारतात, कारण कमाई त्यातच असते. २०२०मध्ये सीएफटीसी (वायदेबाजारावर देखरेख करणारी केंद्रीय संस्था) आणि ३० राज्यांच्या नियामकांनी एका मोठ्या प्रकरणात खटला भरला. वयस्कर लोकांना निवृत्तीचे पैसे अवाच्या सवा भावाच्या नाण्यांत घालायला लावल्याचा आरोप होता. लोकांकडून अशी घेतलेली रक्कम १८.५ कोटी डॉलर.

वहिनींच्या म्हणण्याबद्दल : जानेवारी १९८०मध्ये औंसाला ८५० डॉलर होते, १९९९मध्ये भाव अडीचशेच्या घरात आला. त्या वीस वर्षांत निवृत्त झालेल्यांचं काय झालं असेल! तरी थोडं सोनं असावं असं मलाही वाटतं. पाच टक्के, फार तर दहा. त्यासाठी वेगळं गोल्ड आयआरए लागत नाही. शेअर दलालाकडच्या साध्या (ब्रोकरेज) आयआरएत सोन्याचा ईटीएफ, म्हणजे सोन्याच्या भावावर चालणारा आणि शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड, घेता येतो. त्यातल्या स्वस्त ईटीएफचा वार्षिक खर्च अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. पुढे सक्तीने पैसे काढण्याचं वय आलं की हवे तेवढेच शेअर विकता येतात. एक औंसाचं नाणं अर्धं विकता येत नाही.

४०१(के)चे पैसे हलवताना चेक स्वतःच्या नावाने घेऊ नका. २० टक्के कर तिथेच कापला जातो, आणि ६० दिवसांत कापलेली रक्कमही पदरची घालून भरावी लागते. खात्यातून थेट खात्यात, असंच मागा.

एवढं वाचूनही नाणीच घ्यायची असतील, तर कस्टोडियनचं नाव, दरवर्षीचा एकूण खर्च, आणि आज घेतलेलं नाणं आजच परत विकलं तर किती मिळतील, हे तिन्ही लेखी मागवा. कागद हातात आला की सही करण्याआधी मला पाठवा, मी बघून कळवते.