हरभट रोडवरचं खोकं

कानोसा : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, गेल्या महिन्यात पुतण्याच्या हळदीला डीजेवाल्यानं एक इंग्रजी गाणं लावलं. पोरं म्हणाली, हे अमेरिकेतलं १९७०च्या दशकातलं ‘सोल’ आहे, रिमिक्स होऊन आता रीलवर सगळीकडे तेच वाजतंय. पन्नास वर्षांपूर्वीचं परदेशी गाणं पलूसच्या हळदीत कसं पोचलं? आणि सोल म्हणजे नक्की काय?
– एक वाचक, पलूस

उत्तर : यासाठी मला १९८१ सालात जावं लागेल. सांगलीत हरभट रोडला माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं आणि कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमुळे अमेरिकन डॉक्टर मंडळींचं या भागात येणं-जाणं असे. त्यातलं एक कुटुंब मायदेशी गेलं, घरातलं सामान विकलं गेलं, आणि फिरत फिरत एक खोकं आमच्या दुकानात आलं. आत १९ एलपी, म्हणजे बरीच गाणी मावणाऱ्या मोठ्या रेकॉर्ड, होत्या. वडिलांना ख्याल-ठुमरीची ओढ. त्यांनी चार कव्हरं उलटीपालटी केली आणि म्हणाले, “हे तू ऐक बाई.” मी तेव्हा बावीस वर्षांची होते.

शब्द कळत नव्हते. कळली ती झील. एक माणूस ओळ टाकतो, मागच्या तिघी ती उचलतात, त्या अजून गात असतानाच तो पुढची ओळ त्यांच्या अंगावर सोडतो. आपल्याकडे गोंधळात, पोवाड्यात झीलकरी मुख्य गाणाऱ्याला जसं धरून ठेवतात, अगदी तसंच. पुढे कळलं की ही पद्धत तिथल्या कृष्णवर्णीय लोकांच्या चर्चमधली. भजन तेच, टाळ्या त्याच. फक्त देवाच्या जागी प्रेम आलं, घरभाडं आलं, रस्त्यावरचं जगणं आलं. याला ते लोक सोल म्हणाले. १९७१ साली मार्विन गे यानं व्हिएतनामचं युद्ध, गरिबी, विषारी झालेली हवा अशा विषयांवर आख्खी एलपी केली. तो गातो मात्र इतक्या मायेनं की रागावलेला माणूस एवढं हळू बोलू शकतो याचं मला नवल वाटलं होतं.

आता हळदीचं. १९७१मध्येच फिलाडेल्फिया शहरात केनेथ गॅम्बल आणि लिऑन हफ या दोघांनी आपली कंपनी काढली. त्यांच्या गाण्यांना सिग्मा साउंड स्टुडिओत तीस-पस्तीस वादकांचा ताफा साथ करायचा : व्हायोलिनं, पितळी वाद्यं, गिटार, सगळी मोठी पंगत. त्यात अर्ल यंग नावाचा ड्रमर होता. १९७३मध्ये हॅरॉल्ड मेल्विन आणि त्याच्या ब्लू नोट्स मंडळींच्या एका गाण्यात त्यानं पायाचा मोठा ढोल चारही मात्रांवर एकसारखा ठेवला आणि मधल्या जागी झांज उघडी सोडली : धम्-छी, धम्-छी. आजच्या डीजेच्या जवळपास प्रत्येक नाचाच्या ठेक्यात हीच चाल आहे. म्हणजे तुमच्या पलूसच्या डीजेनं जुन्या गाण्याला नवा ठेका चिकटवला असं नाही. त्याचा ठेकाच मुळात तिथून आलेला आहे. घरचं पोर घरी आलं म्हणा.

पण नुसत्या ठेक्यानं वीस वर्षांचं पोर थांबून ऐकत नाही. त्याला थांबवतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते सांगायला मला मिरजेला जावं लागतं. तिथल्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिली आहे का? घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा असतो. कारागीर तो केसभर पुढे सरकवतो, तार छेडतो, परत केसभर मागे घेतो. एका क्षणी कोरडी तार अचानक उजळते, एका सुरातून दहा सूर बोलू लागतात. (२०२४मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला त्या धाग्याचीच आठवण झाली.) एका खोलीत तीस माणसं एकमेकांचं ऐकत वाजवतात, आणि ते चुंबकीय फितीवर उतरतं, तेव्हा अशीच जवारी लागते. व्हायोलिन थोडं ढोलाच्या माइकमध्ये सांडतं, गाणाऱ्याचा श्वास थोडा पियानोत. संगणकावर एकेक आवाज वेगळा रचून केलेल्या गाण्यात हे सांडणं नसतं. पोरांना याचं नाव माहीत नाही, पण कानाला भूक आहे. अमेरिकेत २०२२मध्ये ४ कोटी १० लाख रेकॉर्ड विकल्या गेल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. १९८७नंतर पहिल्यांदाच रेकॉर्ड पुढे गेल्या. त्या घेणारी सगळी काही माझ्या वयाची माणसं नव्हेत.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही रिमिक्सबद्दल चार चांगले शब्द लिहिलेत, त्याचं वाईट वाटलं. जुन्या हिंदी गाण्यांचं २०००नंतर काय केलं ते आपण पाहिलंच. मूळ कलाकृतीला हात लावायचा अधिकार कोणी दिला?
– एक जुने श्रोते, विश्रामबाग

उत्तर : तुमचा राग मला मान्य आहे, हिंदीत झालेल्या बऱ्याच प्रकारांनी मलाही त्रास झाला. पण सोलच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. तिथे रिमिक्स पन्नास वर्षांनी मागून आलेलं नाही, ते त्या गाण्यांच्या बरोबरीनं जन्मलं.

त्या काळी सात इंची रेकॉर्डवर जेमतेम तीन-चार मिनिटांचं गाणं मावायचं. नाचणारे रंगात यायचे आणि गाणं संपायचं. न्यूयॉर्कच्या टॉम मोल्टन यानं हे पाहिलं आणि फितीची कापाकापी करून गाणी लांबवायला सुरुवात केली. एके दिवशी तबकडी कोरायच्या वेळी स्टुडिओत सात इंची कोऱ्या तबकड्याच उरल्या नव्हत्या, म्हणून गाणं मोठ्या तबकडीवर कोरलं. जागा भरपूर, म्हणून खाचा रुंद पसरल्या. आणि खाच रुंद झाली की आवाज मोठा आणि खर्ज खोल येतो. वाजवून बघितलं तर सगळे चाट पडले. बारा इंची सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची मोठी रेकॉर्ड, आली ती या अडचणीतून. १९७६मध्ये वॉल्टर गिबन्स यानं डबल एक्स्पोजर या मंडळींचं तीन मिनिटांचं गाणं नऊ मिनिटांच्या वर नेलं, आणि ती दुकानात विकायला आलेली पहिली बारा इंची सिंगल ठरली. ही माणसं मूळ गायकाच्या काळातली, त्याच कंपन्यांनी बोलावलेली. बंदिश आणि तिचा विस्तार यांच्यात जे नातं, ते मला इथे दिसतं.

तरी कापायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. माझा भाचा ही कामं लॅपटॉपवर करतो. एकदा त्यानं एका जुन्या गाण्याची लय मोजून दाखवली. सुरुवातीला मिनिटाला ११२ ठोके, ध्रुवपदाला ११५, आणि शेवटी परत ११३. ड्रमर रंगला म्हणून लय चढली. समोर मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करत लय धरून देणारं यंत्र, नव्हता, माणसं होती. भाच्यानं बटण दाबलं आणि सगळं गाणं ११८वर सरळ बसवलं. ऐकलं, आणि मला एकदम इस्त्री केलेलं गाणं वाटलं. मी त्याला सांगितलं, “ध्रुवपदाला तो धावतोय ना, तेवढं त्याला धावू दे.” त्यानं ठेका गायकाच्या मागे नेऊन पुन्हा बसवला. दोन रात्री गेल्या त्यात. आता ते गाणं उभं राहतं.

सोल गायक बिल विदर्स घ्या. लहानपणी तोतरा बोलायचा, नऊ वर्षं नौदलात होता, मग विमानातल्या शौचालयांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. तिशी उलटल्यावर त्याची पहिली रेकॉर्ड आली. १९७७च्या ‘लव्हली डे’मध्ये तो शेवटी एकच शब्द १८ सेकंद धरतो, एका दमात. १९८८मध्ये बेन लीब्रंड या डच माणसानं त्या गाण्याला नवा ठेका दिला आणि ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं. विदर्सनं तोवर रेकॉर्ड करणं थांबवलेलं होतं. त्या रिमिक्समुळे कितीतरी लोक मूळ गाण्यापर्यंत पोचले. मी स्वतः उलट्या वाटेनं आले, पण वाट तीच. मोडतोड करणारे आहेत आणि असतील, आजोबा. त्यांच्यामुळे जे जीव लावून करतात त्यांनाही तराजूच्या त्याच पारड्यात टाकू नका एवढीच विनंती.

प्रश्न : मी कुपवाडला एमआयडीसीत कामाला आहे. घरी लॅपटॉपवर जुनी सोल गाणी घेऊन त्यात हलगी मिसळतोय. गायकाचा आवाज वेगळा काढायचं सॉफ्टवेअर मिळालंय. पण हलगी आली की सगळा गोंगाट होतो. आणि हे नेटवर टाकलं तर चालेल का?
– एक तरुण वाचक

उत्तर : हलगी! वाचून फार आनंद झाला, बाळा.

गोंगाट का होतो सांगते. या गाण्यांत चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर कडक टाळी असते; ड्रमर तिथे छोटा ड्रम मारतो. हलगीचा कडकडाटही नेमका त्याच उंचीचा आणि त्याच जातीचा आहे. दोघं एका उंबऱ्यात उभे राहिले की कोणीच आत येत नाही. दुसरी आणि चौथी मात्रा ड्रमरला देऊन टाक. हलगी मधल्या फटींत ठेव, आणि कडकडून वाजवायची असेल तर गायक थांबतो तिथे. शिवाय हलगी शेकल्यावर लगेच रेकॉर्ड करू नकोस. कातडं जरा उतरलं की तिचा आवाज या गाण्यांच्या जवळ येतो. हे मी आमच्या दारासमोरच्या वाजंत्र्यांकडून ऐकून शिकले.

आवाज वेगळा काढणं आता सोपं झालंय. २०१९मध्ये डीझर कंपनीनं स्प्लीटर नावाचं साधन सर्वांना फुकट दिलं, त्यानंतर अशी बरीच आली. पूर्वी मूळ फीत हातात असल्याशिवाय हे जमतच नसे. पण काढता येतं म्हणून ते आपलं होत नाही. आपल्या कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं असतो, म्हणजे १९७६चं गाणं २०३६ संपेपर्यंत कोणाच्या तरी मालकीचं आहे. घरी शिकायला कर, मित्रांना ऐकव. बाहेर टाकायचं, त्यावर पैसे करायचे, तर परवानगी लागेल.

आणि वादकाचं नाव लिही. क्लाइड स्टबलफील्ड हे नाव पाठ कर. सोल गायक जेम्स ब्राऊनचा ड्रमर. १९७०च्या एका रेकॉर्डवर त्यानं काही सेकंद एकट्यानं वाजवलं, आणि तो तुकडा पुढे शेकडो गाण्यांत उचलला गेला. गीतकार-संगीतकार म्हणून त्याचं नाव कागदावर नव्हतं, त्यामुळे त्या वापराचे हक्काचे पैसे त्याला मिळाले नाहीत. २०१७मध्ये तो गेला. जगभर पोरं त्याच्या हातावर नाचली आणि त्याचं नाव बहुतेकांना माहीत नव्हतं, हे मला अजून सहन होत नाही. तुझ्या गाण्याखाली ड्रमरचं नाव असू दे, आणि हलगीवाल्याचंही.

प्रश्न : २०१९च्या पुरात गावभागातलं आमचं घर बुडालं. वडिलांच्या एलपी पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या त्या आता काढल्या. चिखल वाळून दगड झालाय. टाकून देऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : टाकू नका! आमच्या दुकानातही त्या ऑगस्टमध्ये पाणी शिरलं, आणि वर सांगितलेलं खोकं चार दिवस पाण्याखाली होतं. कव्हरं गेली. त्या अमेरिकन बाईंनी प्रत्येक कव्हरावर पेन्सिलीनं आवडत्या गाण्यापुढे छोटी फुली केली होती, ती गेली याचं दुःख आहे. एलपी प्लॅस्टिकच्या, त्यांना पाणी लागत नाही. १९पैकी १६ आज वाजतात.

वाळलेला चिखल कोरडा पुसू नका, कृष्णेच्या गाळातली बारीक वाळू खाचा खरवडते. परातीत बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब. रेकॉर्ड उभी धरून कडेकडेनं फिरवत भिजवा, मधला कागद कोरडा राहू द्या. चिखल आपोआप मऊ होऊन सुटला पाहिजे, घाई नको. मग मऊ सुती कापडानं खाचांच्या दिशेनं गोल फिरवा, आडवं कधीच नाही. साध्या डिस्टिल्ड पाण्यानं धुवा आणि ताटाळ्यात उभ्या ठेवून सावलीत वाळवा. उन्हात ठेवलीत तर पापडासारखी वाकेल. त्यात जुन्या जड ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्ड असतील तर त्या लाखेच्या, त्यांना स्पिरिट लावू नका, विरघळतात. आणि पाण्यातही फार वेळ ठेवू नका.

पहिल्यांदा वाजवताना जुनी सुई लावा. आणि कोणत्या रेकॉर्ड निघाल्या ते मला जरूर कळवा.