मिनिटांवर पैसे मिळत नाहीत, मग मिनिटं भरायची कशाला?

अगं, ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहिते. तुझा प्रश्न असा की फिजिओ करून ऐरोलीला अमेरिकन नर्सिंग होमच्या प्रोसेसवर, म्हणजे तिकडच्या पेशंटांच्या फायली भरायच्या कामावर लागलीस, ट्रेनिंगच्या जुन्या नोट्समध्ये थेरपीची ७२० मिनिटं, अल्ट्रा हाय असलं सगळं आहे आणि टीम लीड म्हणतो मिनिटांवर आता पैसे नाहीत, मग ती भरतो कशाला आणि आपल्याला क्वालिटीचे आकडे कशाला शिकवतात. मी ह्या कामात १४ वर्षं आहे, जुनी पद्धत पण केलीय नवी पण.

आधी एक सांगते. नर्सिंग होम म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गल्लीतलं डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल येतं, बाळंतपणाचं वगैरे. तिकडे तसं नाही. तिकडे हॉस्पिटलातून सुटल्यावर लगेच घरी जाण्याइतकी ताकद नसलेली माणसं काही आठवडे राहतात, आणि काहीजण कायमचे राहतात. मेडिकेअर, म्हणजे तिकडचा मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, पैसे देतं ते पहिल्यांचे, तेही साधारण आधी तीन दिवस ॲडमिट असतील तर आणि जास्तीत जास्त १०० दिवस, त्यातले पहिले २० दिवस पूर्ण, २१ व्या दिवसापासून पेशंटलाही रोजचा वाटा भरावा लागतो. कायम राहणाऱ्यांचा राहण्या-खाण्याचा खर्च ह्यात येत नाही, नवीन मुलांचा इथेच घोळ होतो.

आता मिनिटं. ३० सप्टेंबर २०१९ पर्यंत पैसे ठरवायची रग-फोर नावाची पद्धत होती, ६६ ग्रुप, आणि पेशंट कुठल्या ग्रुपात जाणार हे मुख्यतः थेरपी किती दिली त्यावर. आठवड्याला ७२० मिनिटं झाली की सगळ्यात वरचा दर, तेच अल्ट्रा हाय. त्यामुळे झालं काय की ७२० च्या जेमतेम वर मिनिटं असलेल्या फायली ढिगाने निघायला लागल्या, सरकारच्याही ते डोळ्यावर आलं, कारण इतक्या वेगवेगळ्या म्हाताऱ्या माणसांना नेमकी तेवढीच थेरपी कशी लागेल? मग १ ऑक्टोबर २०१९ ला पीडीपीएम ही नवी पद्धत आली. आता पैसे ठरतात पेशंटला काय झालंय त्यावर. पीटी (फिजिओ), ओटी (रोजची कामं परत करायला शिकवणारी थेरपी), स्पीच (बोलणं-गिळणं), नर्सिंग आणि एनटीए म्हणजे औषधं वगैरेचा खर्च, असे पाच भाग वेगवेगळे मोजायचे आणि वर एक ठरलेली रक्कम. एनटीए पहिले तीन दिवस तिप्पट, पीटी-ओटीचा दर २० दिवसांनंतर दर आठवड्याला २ टक्के उतरतो.

आणि इथे दुसरं टोक आलं. थेरपी कमी दिली तरी पैसे तेवढेच, मग काही ठिकाणी थेरपिस्ट कमी केले, एकेकट्याची थेरपी सोडून चार-पाच जणांना एकत्र बसवायला लागले. म्हणून तर डिस्चार्जच्या वेळी मिनिटं अजून भरावी लागतात. ग्रुप आणि कॉन्करंट (एकाच वेळी दोघांना वेगवेगळी थेरपी) मिळून २५ टक्क्यांच्या वर गेलं की वॉर्निंग येते. तू स्वतः फिजिओ आहेस, तुला हे वाचताना आत कुठेतरी लागलं पाहिजे असं मला खरंच वाटतं, कारण त्या आकड्यामागे कुणाची तरी आजी उभी राहायला शिकत असते.

आपल्या कामात सगळ्यात जास्त चुका मुख्य डायग्नोसिसमध्ये होतात. मी सुरुवातीला मसल वीकनेस, एम ६२.८१, डोळे झाकून टाकायचे कारण जुन्या काळी चालायचं. पीडीपीएममध्ये तो कोड न स्वीकारता परत पाठवतात, कारण अशक्तपणा आला कशाने हे त्यांना हवंय. तसंच खुबा मोडून पार्शल रिप्लेसमेंट झालेल्या पेशंटची सर्जरी आपण भरतो त्या फॉर्मच्या सेक्शन जे मध्ये भरलीच नाही तर तो बिनऑपरेशनच्या गटात जातो आणि त्या माणसाच्या सेवेसाठी मिळणारे पैसे कमी होतात. हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी शेवटच्या पानापर्यंत वाच. शुगर, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) ह्यांना एनटीएचे दोन-दोन पॉइंट आहेत, आयव्ही म्हणजे शिरेतून दिलेल्या औषधाला पाच, पण तो डोस नर्सिंग होममध्ये असताना दिलेला पाहिजे, हॉस्पिटलातला नाही.

उलट बाजूही सांगते. एका क्लायंटकडून मेल आला होता की अमुक पेशंटांना गिळायचा त्रास आहे असं धरा, स्पीचचा दर वाढतो. चार्टमध्ये एक ओळ नव्हती. मी नाही धरलं, दोन महिने माझ्या रेटिंगवर परिणाम झाला, तरी आजही नाहीच धरणार. शेवटी सही तिकडच्या नर्सची असते आणि ऑडिटला तीच अडकते. शिवाय खोटं गिळणं लिहिलं तर त्या माणसाला उगाच पातळ-मऊ जेवण लागू होऊ शकतं बघ.

क्वालिटीचं म्हणशील तर तोही पैशाचाच भाग आहे आता. ऑक्टोबर २०१८ पासून मेडिकेअरच्या पैशातले २ टक्के आधीच कापतात आणि त्यातले साधारण ६० टक्के कामगिरी बघून वाटतात, म्हणजे चांगल्याला जास्त, वाईटाला कमी किंवा काहीच नाही. सुरुवातीला ३० दिवसांत किती पेशंट परत हॉस्पिटलात गेले एवढंच बघायचे, आता इन्फेक्शन, नर्सचे तास असं वाढवत नेलंय. शिवाय क्वालिटीची माहिती अर्धवट दिली तर वर्षाच्या दरवाढीतून २ टक्के जातात. सेक्शन जीजी मध्ये, म्हणजे पेशंट स्वतःचं काय-काय करू शकतो त्या भागात, माहिती सापडत नाही म्हणून आपण डॅश मारतो ना, तो डॅश म्हणजे माहिती दिलीच नाही असं धरतात. डॅश मारायच्या आधी तिकडच्या नर्सला क्वेरी टाक, वेळ लागला तरी.

नर्सच्या तासांचा नियम तू बातम्यांत वाचला असशील. मे २०२४ मध्ये दर पेशंटमागे रोज ३.४८ तास नर्सिंग आणि २४ तास आरएन (रजिस्टर्ड नर्स) हजर असा नियम काढला होता, एप्रिल २०२५ ला टेक्सासच्या कोर्टाने तो उडवला आणि जुलै २०२५ च्या कायद्याने अंमलबजावणी २०३४ पर्यंत थांबवली. त्यामुळे जुन्या पीपीटीत ३.४८ दिसलं तर लागू आहे समजू नकोस. पण सरकार नर्सिंग होमला जे स्टार रेटिंग देतं त्याला पगारपत्रकातून काढलेले तास अजून लागतात.

उद्या कुठली फाईल अडली तर पेशंटचं नाव, तारीख, काहीही न टाकता नुसता प्रसंग इथे लिही, मी रात्री लोकलमधून उतरल्यावर बघते.