मुलाच्या ॲडेनॉइडच्या ऑपरेशनला लोकल भूल चालेल का पूर्ण द्यावी लागेल?

तुमचा मुलगा ४ वर्षांचा आहे आणि घरचे म्हणतायत की पूर्ण भूल नको, लोकलवर करा. नाही चालत. एवढं पोर जागेपणी घशात हत्यार घालू देईल का? पूर्ण भूलच द्यावी लागते, आणि बहुतेक वेळा श्वासनलिकेत नळी घालतात, कारण ॲडेनॉइड म्हणजे नाकाच्या मागे असलेली मऊ गाठ, तिथलं रक्त घशात उतरतं, ते फुफ्फुसात जायला नको. तुमच्या घरचे जे बोलतायत ते सगळं मी ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. मुलगा तेव्हा ५ वर्षांचा, रात्रभर घोरायचा, मध्येच श्वास अडकून दचकून उठायचा. ऑपरेशन ठरलं उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर लगेच. आमच्याकडे थोरल्या भाऊजींचा शब्द शेवटचा, आणि ते म्हणाले, माझं लहानपणी झालंय, रुमालावर औषध टाकलं, पाच मिनिटांत मोकळा, बेशुद्धबिशुद्ध काही नाही, पूर्ण भूल दिली की पोरं मंद होतात. सासूबाईंचंही तेच. मी भूलतज्ज्ञ मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, अहो ते ईथर, म्हणजे भुलीचं जुनं औषध असणार, म्हणजे त्यांना पूर्णच भूल दिलेली, फक्त नळी नव्हती आणि ऑक्सिजन किती आहे ते दाखवणारं मशीन नव्हतं. घरी येऊन हे सांगितलं तर उत्तर काय, तू कधीपासून डॉक्टर झालीस!

त्यात वासी उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पोरगं गच्चीवर वाऱ्यात, मग ताप आणि छातीत घरघरणारा खोकला. मॅडमनी छाती तपासली आणि सरळ सांगितलं, आत्ता नाही, काही आठवड्यांनी. भाऊजी भडकले, ॲडेनॉइडच्या पोराला सर्दी बारा महिने असते, मग ऑपरेशन करणार कधी? हे अर्धं खरं आहे, नुसतं पाण्यासारखं नाक वाहत असेल तर करतातही. पण ताप आणि ओला खोकला असताना श्वासमार्ग चिडलेला असतो, भूल देताना किंवा उतरताना स्वरयंत्र एकदम आवळलं जाऊ शकतं आणि हवाच आत जात नाही. मी तारीख पुढे ढकलली, घरात अबोला झाला तरी.

नंतर झालं ते नीट झालं. आधी मूल शांत व्हावं म्हणून मिडाझोलामचं सिरप पाजलं, मग मास्कने सेवोफ्लुरेन हा भुलीचा वायू, झोपला की हाताला सुई लावली. भूल उतरताना मात्र असा किंचाळत, हातपाय झाडत उठला की मलाच ओळखेना. भाऊजी तिथेच म्हणाले, बघ, डोक्यावर परिणाम झाला! अहो, सेवोफ्लुरेननंतर या वयाच्या मुलांत हे होतं, मॅडमनी आधीच सांगितलं होतं, थोड्या वेळात मांडीवर शांत झाला. आता शाळेत छान चाललंय, पण भाऊजी अजून लग्नकार्यात तोच किस्सा सांगतात. मेंदूचं म्हणाल तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१६ मध्ये इशारा दिला तो ३ वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा ३ तासांच्या वर भूल देण्याबद्दल. ॲडेनॉइडचं काम त्यामानाने फार थोड्या वेळाचं. उलट रात्री श्वास अडकत राहिला तर मुलाची झोप बिघडते, ऑक्सिजन खाली जातो, त्याची काळजी करा ना.

म्हणून औषध कुठलं, मास्क का सुई, यात तुम्ही पडू नका, मुलांना रोज भूल देणारा माणूस आहे का ते विचारा आणि ऑपरेशनच्या आधी त्यांना भेटाच. टेबलावर झोपवल्यावर पहिली ओळख होणार असेल तर दुसरीकडे जा. हलणारा दात, दमा, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल किंवा स्नायूंचा आजार असेल तर आपणहून सांगा.

मी डॉक्टर नाही, आणि हृदयाचा आजार वगैरे असेल तर हे सगळं बदलतं. झोपेत श्वास थांबत असेल तर रात्रभर हॉस्पिटलमध्ये ठेवणार का ते विचारून घ्या. घरी दुखण्याला पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. कोडीनवालं खोकल्याचं औषध कुणी कपाटातून काढून दिलं तरी अजिबात पाजू नका, काही मुलांच्या शरीरात त्याचं झपाट्याने मॉर्फिन होतं आणि श्वास मंदावतो, या ऑपरेशननंतर मुलांना ते देऊ नये असं एफडीएने २०१३ मध्येच सांगितलंय. आमच्याकडे ती बाटली भाऊजींनीच आणली होती, मी परत पाठवली.