पेडण्यातल्या जत्रेच्या नाटकासाठी ८ ओमचे चार स्पीकर आणि दोन चॅनेलचा एक अ‍ॅम्प्लिफायर: जोडायचं कसं?

चारही एकाच चॅनेलवर पॅरलल (सगळ्यांचे प्लस एकत्र, मायनस एकत्र) जोडलेत तर लोड २ ओमवर येतो. ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो जितका कमी, तितका ताण जास्त. बरेच अ‍ॅम्प तिथे तापून प्रोटेक्टमध्ये जातात (स्वतःला वाचवायला आवाज बंद करतात), तेही नेमकं नाटक रंगात आलेलं असताना. एकेका चॅनेलला दोन-दोन स्पीकर पॅरलल वाटून द्या; प्रत्येक चॅनेलला ४ ओम मिळतात. ब्रिज मोडच्या (दोन्ही चॅनेल जोडून एक करण्याच्या) भानगडीत पडू नका.

वॅटचं म्हणाल तर स्पीकर ३०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत झेपणारी ताकद) असल्यास दोघांचे ६०० होतात. मग ४ ओमवर चॅनेलमागे ९०० ते १२०० वॅटचा अ‍ॅम्प बघा. जास्त वाटेल, पण छोटा अ‍ॅम्प ताणून क्लिप केला (म्हणजे आवाज फाटेपर्यंत वाढवला) की ट्विटर (स्पीकरमधला बारीक, उंच आवाजाचा भाग) आधी जळतो. मोठा अ‍ॅम्पही पिळायचा नाही. क्लिपचा लाल दिवा पेटत राहिला तर मिक्सरवरूनच आवाज खाली घ्या.

देवळाच्या मंडपात वायर लांब जाणार असेल तर २.५ चौरस मिमीची घ्या.