एक तार लावली की बाकीच्या उतरतात

प्रश्न : फ्लॉइड रोझ ब्रिजच्या (तारा धरणारा, स्प्रिंगांवर तोललेला हलता ब्रिज) गिटारला ०९ च्या जागी १० च्या, म्हणजे जरा जाड, तारा टाकल्या. एक सुरात आणली की बाकीच्या उतरतात. नट (मानेच्या टोकाशी तारा जखडणारी पट्टी) तर घट्ट आवळलाय!
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी नट सैल करा. जाड तारांनी ताण वाढला, ब्रिज पुढे झुकला. एक तार ताणली की तो आणखी झुकतो आणि बाकीच्या सैल होतात. मागचं झाकण काढा, स्प्रिंगांची पट्टी धरणारे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळा, पुन्हा सूर लावा. ब्रिज बॉडीला समांतर होईपर्यंत हेच. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही. तारा बोटांनी उचलून ताणा. फाइन ट्यूनर (ब्रिजवरचे बारीक सूर लावायचे स्क्रू) मध्यावर ठेवून मगच नट आवळा, बेताने, नाहीतर आटे जातात. आणि सोलापूरच्या मे महिन्यात गिटार पत्र्याखाली नको. तापलेली तार उतरतेच.